घाटनांदूरच्या वाटेवर: संथ नाडीचे दोन अर्थ

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणारा लोहमार्ग बालाघाटाच्या पठारावरून जातो. दोन्ही बाजूंस काळी रानं, मधूनच मुरमाड माळ, बांधावर बाभळी आणि लिंब. दिवाळीच्या आगेमागे गेलात, तर उतारावर सीताफळांची झाडे लगडलेली दिसतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच डोंगराळ जमिनीच्या गुणामुळे. या मार्गावर घाटनांदूर हे स्थानक आहे. गाव अंबाजोगाई तालुक्यातले. निजामाच्या राजवटीत येथे रूळ आले, पण तालुक्याच्या गावाला, अंबाजोगाईला, आजही रेल्वे नाही. त्यामुळे गाडीतून येथे उतरून पुढचे वीसेक किलोमीटर रस्त्याने जाणारे प्रवासी नेहमीच दिसतात.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात या गावाची वाट कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. हा परिसर कष्टाने आणि पायाने जगणारा आहे. वाडीवस्तीवरून बाजाराला, शाळेला, शेताला चालत जाणारी माणसे येथे अजून आहेत. अशा माणसांच्या मनगटावर बोटे ठेवली की नाडी पुष्कळदा संथ लागते. पाठ्यपुस्तक सांगते की विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा पडते. येथे मात्र ५२, ४८, कधी ४४ असे आकडे सापडतात. यांतील बहुतेक हृदये निरोगी असतात, थोडी आजारी असतात. दोन्हींचा आकडा एकच असू शकतो, अर्थ मात्र अगदी वेगळा. तो भेद घरच्या माणसांना ओळखता यावा, यासाठी आज आपण या गावाच्या वाटेने थोडे हिंडू या.

पहाटेचा रस्ता

उजाडण्यापूर्वी घाटनांदूरच्या बाहेरच्या रस्त्यावर या. अंधारात पावलांचा आवाज आधी येतो आणि मग मुले दिसतात. ही पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि तेथे एकेका सेकंदाला गुण असतात. कोरडवाहू शेती असलेल्या घरात ही भरती म्हणजे अवघ्या कुटुंबाचे भविष्य असते. म्हणून वर्षानुवर्षे, थंडी असो वा पाऊस, ही मुले धावतात.

अशाच एका एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले होते. कुठल्याशा तपासणी शिबिरात त्याचा ईसीजी काढला होता. यंत्राने कागदाच्या कोपऱ्यात आपोआप छापले होते: सायनस ब्रॅडीकार्डिया, दर ४६. वडील दारातूनच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोराला हार्टचा आजार निघालाय म्हणत्यात. आता पळायचं बंद करायचं का?" मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने चार दिवस सराव बंद ठेवला होता आणि रात्री झोपही लागत नव्हती.

त्याला कधी चक्कर आली नव्हती. धावताना छातीत दुखले नव्हते, श्वास कोंडला नव्हता. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले नव्हते. मी त्याला दवाखान्याच्या जिन्यावरून सहा-सात वेळा चढ-उतार करायला लावले. ४६ची नाडी पाहता पाहता ११८वर गेली आणि बसल्यावर दोन-तीन मिनिटांत पुन्हा खाली आली. ईसीजीवर प्रत्येक ठोका योग्य जागेवरून निघत होता आणि योग्य मार्गाने जात होता. मी वडिलांना म्हणालो, "भाऊ, हा आजार नाही. ही त्याच्या पळण्याची मजुरी आहे, हृदयाने दिलेली."

'ब्रॅडीकार्डिया' या शब्दाचा अर्थ फक्त 'संथ हृदयगती' एवढाच आहे. ते निदान नव्हे, वर्णन आहे. उंच माणसाला उंच म्हणण्यासारखेच ते आहे. पूर्वी ६०च्या खालच्या गतीला हे नाव दिले जाई. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८च्या मार्गदर्शिकेत ही रेषा ५०वर आणली, कारण ५० ते ६०च्या मधली असंख्य माणसे पूर्ण निरोगी असतात. सहनशक्तीचे खेळ खेळणाऱ्यांसाठी तर रेषा आणखी खाली जाते. खेळाडूंचे ईसीजी कसे वाचावेत, याचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली प्रसिद्ध झाले, त्यांत तक्रार नसलेल्या खेळाडूची ३०पर्यंतची गतीही सामान्य मानली आहे. त्याहून खाली गेल्यास किंवा दोन ठोक्यांमध्ये तीन सेकंद वा अधिक खंड दिसल्यास मात्र पुढील तपासणी सांगितली आहे.

मोट आणि खेपा

हे असे का होते? या परिसरातील जुन्या विहिरींवर मोटेचे थारोळे अजून पाहायला मिळते. बैल उताराने खाली जात आणि मोट भरून वर येई. मोट लहान असेल तर तेवढेच पाणी काढायला खेपा जास्त. मोट मोठी आणि बैल दमदार असतील तर खेपा कमी. हृदयाचेही गणित असेच आहे. शांत बसलेल्या माणसाच्या शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्ताचा पुरवठा लागतो. सामान्य हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे पाच लिटरसाठी ७२ ठोके. धावून, पोहून, सायकल चालवून कमावलेले हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर ढकलू लागले, की तेच काम ५० ठोक्यांत होते. दिवसभराचा हिशोब केला, तर ७२च्या गतीने १,०३,६८० ठोके आणि ५०च्या गतीने ७२,०००. एकतीस हजारांहून अधिक खेपा वाचल्या.

दुसरे कारण लगामाचे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो दाखवून दिला. प्रत्येक ठोक्याची हाक येथूनच निघते. हा पुंजका मोकळा सोडला, तर तरुण माणसाचे हृदय शंभराच्या आसपास पडेल. ते सत्तरवर येते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस त्याला आवरून धरते. नियमित व्यायामाने हा लगाम अधिक घट्ट होतो, असे आपण दीर्घकाळ मानत आलो. २०१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी यात एक भर घातली. व्यायाम करवलेल्या उंदरांच्या सायनस नोडमध्येच बदल झालेला त्यांना आढळला. ठोक्याची गती ठरवणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण घटले होते, आणि नसांचा प्रभाव दूर केल्यावरही हृदय संथच राहत होते. म्हणजे लगामच नव्हे, बैलाची चालही बदलते. व्यायाम सुटला की काही आठवड्यांत गती पुन्हा वाढू लागते, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच शंका असल्यास काही काळ सराव थांबवून पाहणे, ही एक तपासणीच ठरते.

आपल्याकडील वैद्यही नाडीचा केवळ आकडा पाहत नसत, ते तिची चाल पाहत. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीला प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिल्या आहेत. कफाच्या नाडीला हंसाची चाल म्हटले आहे, संथ आणि ऐटदार. त्या शास्त्राची परिभाषा निराळी. पण संथ म्हणजे दुर्बल नव्हे, हे निरीक्षण तेथेही आहे.

आष्टीचा धावपटू

याच बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आष्टी तालुका आहे. तेथील मांडवा गावचे अविनाश साबळे आपणांस ठाऊक असतील. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा काही किलोमीटरवर, तेव्हा लहानपणी चालत-पळत जाणे हाच प्रवास. बारावीनंतर ते सैन्यात गेले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू पाहून मग स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर अंतर ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पार करून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

त्यांच्यामुळे या जिल्ह्यातील मुलांना धावण्याचे वेड लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशा यशाकडे पाहताना एक लक्षात ठेवावे. हृदय कमावले जाते ते श्रम आणि विश्रांती यांच्या मेळातून. खेळाडूला आहार मिळतो, झोप मिळते, प्रशिक्षक आज थांब म्हणतो. हा मेळ नसेल तर काय होते, ते पाहायला आपल्याला रस्ता सोडून उसाच्या फडाकडे जावे लागेल.

कष्ट आणि व्यायाम

दसरा-दिवाळीनंतर या भागातील कित्येक घरांना कुलपे लागतात. माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पहाटेपासून तोडणी करायची. मग मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. पाच-सहा महिने असे काढून माणसे उन्हाळ्यात परततात.

एवढे कष्ट करणाऱ्या माणसाचे हृदय खेळाडूसारखे असणार, असे शहरातील माणसाला वाटते. पण कामाचे श्रम आणि छंदाचा व्यायाम यांचे परिणाम सारखे नसतात, असे अलीकडच्या संशोधनातून वारंवार पुढे आले आहे. दिवसभर ओझी उचलताना रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो. पुरेशी विश्रांती नसते आणि अन्न अपुरे असते. त्यामुळे परतलेल्या मजुरांपैकी काहींची नाडी उत्तम, संथ असते, तर काहींची उलट जलद असते.

विशेषतः बायकांची. फडावरून आलेल्या एका बाईची नाडी बसल्या जागी ९८ होती. ती म्हणाली, "काम केल्यावर छातीत धडधड होती, डॉक्टर. पर ते चालायचंच." खालची पापणी ओढून पाहिली तर पांढुरकी. हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या आत होते. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच कमी असेल, तर हृदयाला खेपा वाढवाव्याच लागतात. मोट फुटकी असल्यासारखे ते असते. अशा घरात नवऱ्याची ५४ आणि बायकोची ९८ ही नाडी शेजारी शेजारी मोजली, तर कोणाच्या ताटात काय पडते हेही कळते. नाडी मोजणे हे केवळ हृदयाचे मोजमाप नाही, असे म्हणावेसे वाटते ते यामुळे.

पुलाच्या कठड्यावर टेकलेले आबा

आता त्या थोड्या आजारी हृदयांकडे येऊ. वाडीवरून घाटनांदूरला रोज चालत येणारे सत्तरीचे एक शेतकरी होते. अंगाने सडपातळ, आयुष्यात दवाखान्याची पायरी फारशी न चढलेले. त्यांची नाडी पूर्वीपासून संथ. कधीतरी कोणा डॉक्टरांनी ती पाहून 'तुमचे हृदय तरुणासारखे आहे' असे म्हटले होते, आणि ते वाक्य त्यांनी अभिमानाने जपले होते.

एका पावसाळ्यानंतर आबा वाटेतल्या पुलाच्या कठड्यावर बसू लागले. आधी एकदा, मग येताना-जाताना दोनदा. घरचे म्हणाले, वय झाले. पुढे एकदा गोठ्यात डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पडले, क्षणात सावरून उठलेही. ऊन लागले असेल, असे ठरले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा सुनेने हट्टाने त्यांना आणले. आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझी नाडी अशीच हाय पहिल्यापासून. हिला उगं भ्या वाटतंय."

नाडी ३६ होती. त्यांना हाताला धरून ओसरीत चार पावले चालवले, तरी ती ३६च राहिली. धावणाऱ्या मुलाच्या आणि आबांच्या नाडीतला फरक तो येथे. मुलाचे हृदय गरज पडताच उसळले, आबांचे उसळू शकत नव्हते. ईसीजीवर दिसले की वरच्या कप्प्यांची हाक खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नाही. खालचे कप्पे आपल्या मर्जीने, मंद गतीने पडत आहेत. याला संपूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोक 'ब्लॉकेज' म्हणतात ते रक्तवाहिनीतील अडथळ्याला. हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयातील विजेच्या वाटेतील खंड. पहिल्यात नळ तुंबलेला असतो, दुसऱ्यात तार तुटलेली असते. त्यामुळे अँजिओप्लास्टीचा आणि पेसमेकरचा मार्ग वेगवेगळा.

आबांना त्याच दिवशी लातूरला पाठवले आणि तेथे पेसमेकर बसला. छातीच्या कातडीखाली बसणारी ही छोटी पेटी आणि तिची तार हृदयाला वेळेवर हाक देते. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या गृहस्थांना जगातील पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर लावला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले, पण ते ८६ वर्षे जगले, आणि गेले ते हृदयाच्या नव्हे, दुसऱ्याच आजाराने. आजच्या पेसमेकरची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षे चालते. आबा पुन्हा बाजाराला चालत येऊ लागले. कठड्यावर आता बसतात ते गप्पांसाठी.

आबांच्या बाबतीत धोका आकड्यात नव्हता, जुन्या शाबासकीत होता. 'तुमचे हृदय तरुणासारखे आहे' हे वाक्य चाळिशीत खरे असेल, सत्तरीतही ते खरे असेलच असे नाही. वयाबरोबर सायनस नोड आणि विजेची वाट दोन्ही झिजू शकतात. म्हणून आयुष्यभर क्रियाशील असलेल्या माणसाने साठीनंतर आपल्या संथ नाडीकडे नव्याने पाहावे. नाडीची चाल पूर्वीसारखीच आहे, पण दम पूर्वीसारखा राहिला नाही, असे झाले तर तो बदलच महत्त्वाचा मानावा.

संथ नाडीची इतर कारणे

हृदयापलीकडेही काही कारणे असतात, आणि ती आपल्या घरातच सापडतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी दिलेल्या मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन या औषधांनी गती कमी होते. पुष्कळदा ती कमी व्हावी, हाच हेतू असतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही नाडी उतरवू शकतात, हे अनेकांना ठाऊक नसते. यांपैकी कोणतेही औषध मनाने बंद करू नये, कारण अचानक बंद केल्यास हृदयावर उलट ताण येतो. डॉक्टरांना आकडा दाखवावा आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी.

थायरॉईडची ग्रंथी मंदावली की नाडीही मंदावते. सोबत थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, सूज, सुस्ती आणि वजनवाढ असते. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसाची गती रात्री फार खाली जाऊ शकते. उपासमारीनेही हृदय संथ होते. वजन घटवण्याच्या नादात अन्न तोडलेल्या मुलीची नाडी ४५ असेल, तर ती तंदुरुस्ती समजू नये. टायफॉईड आणि डेंग्यू यांत ताप चढलेला असूनही नाडी त्या मानाने कमी राहते.

शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. कीटकनाशक फवारणीनंतर कोणाला घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आणि नाडी मंदावली, तर ती विषबाधा आहे. अंगावरचे कपडे काढून, अंग साबणाने धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. बांधावरची पिवळी कण्हेरही अशीच. तिची बी पोटात गेल्यास हृदयाची विजेची वाट बंद पडू शकते.

नाडी कशी मोजावी

हे शिकायला यंत्र लागत नाही. सकाळी चहापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. तळहात वर करून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची नाडी भासते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्यात मधला एखादा खंड निसटतो. असे सात दिवस करून वहीत लिहावे. आकड्याबरोबर लय सारखी आहे की अडखळते आहे, हेही नोंदवावे.

कोरोनाच्या साथीनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, तरुणांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळे आली. ती उपयोगी आहेत, पण एका ठिकाणी चकवतात. काही माणसांत प्रत्येक नियमित ठोक्यानंतर एक अवेळी, दुबळा ठोका पडतो. तो मनगटापर्यंत पोहोचत नाही. यंत्र मग ३८ दाखवते, प्रत्यक्षात हृदय ७६ वेळा पडत असते. घरात घबराट उडते, आणि एका ईसीजीने कोडे सुटते. म्हणून यंत्राचा आकडा विचित्र वाटला तर आधी बोटांनी मोजावे, मग छातीला कान लावून किंवा डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. रात्री झोपेत घड्याळाने ४२ दाखवले म्हणून मध्यरात्री उठून बसू नये. झोपेत सर्वांचेच हृदय संथ होते.

ज्यांना काहीही त्रास नाही, त्यांनी एक सोपी पारख करावी. पाच-सहा मिनिटे भरभर चालून किंवा चढ चढून लगेच नाडी मोजावी. निरोगी संथ हृदय सहज शंभराकडे किंवा पुढे जाते आणि विसावल्यावर खाली येते. ज्यांना चक्कर, अंधारी, छातीत दुखणे किंवा दम लागणे असा त्रास आहे, त्यांनी ही पारख घरी करू नये. त्यांची जागा दवाखान्यात आहे.

अंबाजोगाईच्या दिशेने

घाटनांदूरहून अंबाजोगाईकडे निघालात, की आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींचे गाव लागते. योगेश्वरीचे दर्शन घेऊन पुढे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. १९७४ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या ज्या नेत्याचे नाव त्याला आहे, ते स्वामीजी याच गावी शिक्षक होते. आपल्या गावापासून असे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री तेथे कसे पोहोचायचे, हे प्रत्येक कुटुंबाला आधीच ठाऊक असावे.

आषाढीच्या दिवसांत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईच्या वाटेने पंढरीकडे जाते. त्या वारीत साठी-सत्तरीची माणसे दिवसामागून दिवस चालतात. त्यांच्यासाठी एवढेच सांगणे की निघण्यापूर्वी एक ईसीजी काढावा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि वाटेत पाणी कमी पडू देऊ नये. गोळ्या आणि कोरडे पडलेले शरीर यांच्या संगतीने चक्कर येते.

ज्यांची नाडी निरोगी कारणाने संथ आहे, त्यांनी चालणे, पळणे, पोहणे निर्धास्त चालू ठेवावे. एकदा ईसीजी काढून तो जपून ठेवावा. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो दाखवावा, म्हणजे तेही चकित होणार नाहीत. दशकानुदशके मॅरेथॉनसारखे खेळ खेळणाऱ्या पुरुषांत एट्रियल फिब्रिलेशन हा लयबिघाड काहीसा अधिक आढळतो. तेव्हा नाडी अचानक वेडीवाकडी लागल्यास दाखवून घ्यावे. त्या भीतीने व्यायाम सोडण्याचे मात्र कारण नाही.

घरात लिहून ठेवावे असे

• नाडी ५०-६०, त्रास काही नाही, श्रमाने गती वाढते: काळजी नको.

• नाडी ४०-५०, नियमित व्यायाम, त्रास नाही: एकदा ईसीजी काढावा, व्यायाम चालू ठेवावा.

• नाडी ४०-५०, व्यायाम नाही, किंवा वय साठीपुढे: डॉक्टरांना दाखवावे, औषधे आणि थायरॉईड तपासावे.

• नाडी ४०च्या खाली आणि पूर्वी तशी नव्हती, किंवा श्रमानेही वाढत नाही: त्याच दिवशी तपासणी करावी.

• संथ नाडीसोबत शुद्ध हरपणे, अंधारी, छातीत दुखणे, दम लागणे, गोंधळल्यासारखे होणे: १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणसाला आडवे ठेवावे, एकटे चालवत नेऊ नये.

• धावताना वा श्रम करताना शुद्ध हरपली, तर आकडा काहीही असो, हृदयाची पूर्ण तपासणी होईपर्यंत धावणे बंद ठेवावे.

या आठवड्यात आपल्या घरातील प्रत्येकाची नाडी एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. आजोबांची, आईची, भरतीची तयारी करणाऱ्या मुलाची आणि दिवसभर राबणाऱ्या सुनेचीही. आज लिहिलेला आकडा उद्या बदलला, तर तो बदल आपल्याला वेळेवर दिसेल.